उतरणीची पहिली खेप

न्यूट्रल

लतीफ मिस्त्रीने ती झडप माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा ती अजून कोमट होती. गोल लोखंडी चकती, मधून आडवी दांडी, सगळीकडे काजळी.

"हे बघ, भिवा. गाडीच्या घशातलं हाड."

मुबारक बाकावर बसून केळं सोलत होता. त्याच्या गाडीतलं हाड आदल्या दिवशीच निघालं होतं. "मिस्त्री, हाड काढलंत ते बरं केलंत, आता तिला गायला पण शिकवा," तो म्हणाला. मुबारक लतीफ मिस्त्रीचा जावई. घरी तो सासऱ्याला अब्बा म्हणायचा आणि गॅरेजात मिस्त्री. मिस्त्रीचीच तशी सक्त ताकीद होती. उंबऱ्याच्या आत जावई, शेडमध्ये गिऱ्हाईक.

ती एक्झॉस्ट ब्रेकची झडप होती. उतारावर ड्रायव्हरने पायाखालचं बटण दाबलं की ती धुराची वाट बंद करते, इंजिन गुदमरतं आणि गाडीला मागे ओढून धरतं. चढावर ती उघडी असते, पण उघडी असली तरी पाइपाच्या मधोमध उभी असतेच. मिस्त्रीला ते नको होतं. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. त्याची हवा वाढवायची तर धूर मोकळा जायला हवा. तो अडला की उष्णता साठते आणि पिस्टन वितळतात. इंजिन जपायचं म्हणून झडप काढली.

मी विचारलं होतं. ते सांगून टाकतो. मी विचारलं, "आणि उतरताना?"

"उतरताना तुमच्या गाडीत असतं काय?" मिस्त्री म्हणाला. "हवा."

खरंच होतं ते. आम्ही बंदरावरून कोळसा भरायचो, वाघजाईचा घाट चढायचो, कोल्हापूरच्या बाजूला रिकामा करायचो आणि हौदा खडखडवत परत यायचो. जाताना भरलेले, येताना रिकामे. सगळ्या करंजवाडीचं असंच होतं. घाटाच्या पायथ्याचं गाव, रस्त्याच्या दोन्ही अंगाला गॅरेजं, आणि सगळ्यांचं डोकं एकाच दिशेला चालायचं. वर. गाडी चढत नाही, गाडी तापते, गाडी दम खाते. कुणी कधी येऊन म्हणालं नाही की माझी गाडी उतरत नाही.

तिसरा, दुसरा, पुन्हा तिसरा

हवा का वाढवली ते आधी सांगायला हवं होतं. म्हणून मागे जातो.

कोळशाच्या कंत्राटदाराने नव्या, जास्त ताकदीच्या गाड्या लावल्या होत्या. त्या आम्हाला घाटात मागे टाकून जायच्या आणि वर जाऊन हात दाखवायच्या. पावसाळ्यानंतर जुन्या गाड्या बंद करणार असं तो मुकादमाकरवी सांगून मोकळा झाला होता. माझी आणि मुबारकची गाडी एकाच कंपनीची, एकाच वर्षी घेतलेली. चालवणारे आम्ही, मालकही आम्हीच. काम गेलं असतं तर दोघांचं एकदमच गेलं असतं.

दुसऱ्या एखाद्या मिस्त्रीने पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवलं असतं आणि काळा धूर ओकत पाठवून दिलं असतं. लतीफ मिस्त्री तसा नव्हता. त्याने आधी हेडची गॅस्केट नवी टाकली. हवा गार करणाऱ्या जाळीतली कित्येक वर्षांची धूळ धुऊन काढली. रबरी नळ्यांच्या पट्ट्या बदलल्या. मग टर्बोतली जास्तीची हवा सोडून देणारी जी दांडी असते, तिचे आटे तो फिरवायला लागला. थोडेसे फिरवायचे, गाडी गावाबाहेरच्या चढावर नेऊन आणायची, नळ्यांना हात लावून बघायचा, पुन्हा थोडेसे. त्यात दिवस गेले. मी कंटाळलो. मुबारक तर म्हणाला, मिस्त्री, एवढ्या वेळात मी गाडी ढकलत वर नेली असती.

स्टिअरिंगच्या शेजारी त्याने दोन घड्याळं बसवली. एकात हवेचा दाब, दुसऱ्यात धुराची उष्णता. दोन्ही काचांवर एकेक लाल रेघ होती, नेलपॉलिशची. जुबेदाची बाटली होती ती, मिस्त्रीच्या मुलीची, मुबारकच्या बायकोची. काटा रेघेपर्यंत गेला की पाय उचलायचा. रेघेच्या अलीकडे असलात तर गाडीला काही होणार नाही, मिस्त्री म्हणाला. हे माझं वचन समजा.

त्या गॅरेजची एक रीत होती. गाडीचं मोठं काम केलं की भरल्या गाडीच्या पहिल्या खेपेला मिस्त्री स्वतः केबिनमध्ये बसायचा. हमी म्हणा. इंजिन फुटलं तर माझ्यासमोर फुटू दे, असं त्याचं म्हणणं. माझ्या गाडीत बसला तेव्हा सबंध घाटात त्याने बाहेर पाहिलं नाही. नजर काट्यांवर, हात गिअरच्या मुठीवर, तिथली थरथर मोजत. गाडी अशी चढली की मला हसू आवरेना. जिथे पहिला गिअर लागायचा तिथे दुसरा पुरला, दुसऱ्याच्या जागी तिसरा. नव्या गाड्यांपैकी एकीला मी वळणावर मागे टाकलं तेव्हा मिस्त्रीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "माज करू नको."

माथ्यावर वाघजाईच्या देवळापाशी तो उतरला, चहा प्याला आणि एसटीने खाली गेला. नेहमी तसंच. उतरणीला तो कधी बसत नसे. रिकाम्या गाडीत मिस्त्रीचं काय काम.

न्यूट्रल

साखर.

कोळसा रिकामा करून आम्ही हौदे झाडत होतो, तेव्हा कंत्राटदाराचा माणूस आला. बंदराला जहाज लागलंय, कारखान्याची साखर न्यायची आहे, रिकामे जाण्यापेक्षा भरून जा. आम्ही एकमेकांकडे बघितलं. परतीचं भाडं आम्हाला कधी मिळालंच नव्हतं. मुबारकने हौद्यावर ताडपत्री अंथरली, कोळशाची भुकटी पोत्यांना लागू नये म्हणून, आणि हात पुसत म्हणाला, "जाताना काळं, येताना पांढरं. बायकोला सांगतो, नवरा सुधारला."

पोती चढत होती तेव्हा मी म्हणालो, "मुबारक, आपल्याला झडप नाही रे."

त्याने गाडीच्या नाकावर थाप मारली. "अरे, केवढा जोर आहे हिच्यात. जे एवढं ओढतं ते धरणार नाही होय?"

मला ते पटलं. आज कुणी हसेल, पण तेव्हा तिथे उभा असलेला प्रत्येक ड्रायव्हर मान हलवत होता. ताकदीचा बैल नांगर ओढतो आणि गाडीही थोपवतो, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. इंजिन तसंच असणार.

दुपार उतरताना आम्ही माथ्यावर पोचलो. मुबारक पुढे होता. देवळापाशी मी थांबलो, दोन कारणांनी. माझा एक दोर सैल झाला होता, आणि नारळ फोडायचा होता. मुबारकही वाघजाईला नारळ फोडायचा. घाटात ड्रायव्हरांचा देव एकच. पण त्या दिवशी त्याने गाडी फक्त हळू केली आणि खिडकीतून ओरडला की मी सकाळी चढताना फोडलाय, एका देवीला दिवसातून दोनदा कशाला त्रास. आणि गेला. मागच्या फळीवर हिरव्या रंगात लिहिलेलं 'जुबेदा' वळणाआड गेलं.

दोर आवळून मी नारळ हातात घेतला, तेव्हा खालून त्याचा हॉर्न ऐकू आला. मुबारकचा हॉर्न तीन सुरांचा होता. सगळा घाट ओळखायचा. प्रत्येक वळणाला एकदा वाजवायचा आणि सोडायचा.

या वेळी सोडला नाही.

वाजतच राहिला. पुजारी देवळातून बाहेर येऊन बघायला लागला. मी त्याला म्हणालो, म्हशी आडव्या आल्या असतील, त्याला म्हशींशी भांडायला आवडतं. हॉर्न डोंगराच्या एका अंगाला गेला, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या, खाली खाली.

मग थांबला.

"गेल्या वाटतं म्हशी," पुजारी म्हणाला. मी नारळ फोडला.

दुसरा

पहिली वळणं बरी गेली. मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो. पाय उचललेला. दोन्ही काटे खाली येऊन निजले. हवेचा दाब नाही, धुराची उष्णता उतरत चाललेली. लाल रेघा लांब राहिल्या होत्या. मिस्त्रीच्या घड्याळांच्या हिशेबाने आम्ही इतके सुखरूप कधीच नव्हतो.

आणि गाडी पळायला लागली.

एकदम नाही. कुणीतरी मागून हात लावावा तशी. मी ब्रेक दाबला, ती ऐकली. सोडला, पुन्हा हात. पुन्हा दाबला. सवयीने डावा पाय बटणावर गेला. खाली फुस्स झालं. हवा सुटली, दांडी हलली असेल, पण तिच्या टोकाला काही नव्हतंच. मी पुन्हा दाबलं. फुस्स. उगीच तिसऱ्यांदा.

ब्रेकचा पाय आता आधीपेक्षा खोल जात होता. वास आला, जळक्या कातडीसारखा. काटे शांत.

पुढच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध लतीफ मिस्त्री उभा होता. एका हातात कापडी पिशवी, दुसरा हात वर. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी थांबली ती त्याच्या पुढे बरीच जाऊन. त्याला पळत यावं लागलं. येताना त्याने कडेचा दगड उचलला आणि आधी चाकाला लावला. मग माझ्याकडे बघितलं.

त्याचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, माझ्यावर चिडलाय.

करंजवाडीत त्याला वजनकाट्यावरच्या कुणीतरी सांगितलं होतं की आज वरून साखर येतेय. त्याने पिशवी घेतली आणि मिळाली ती एसटी धरली. माथ्यावर, सपाटीला तुम्हाला गाठायचं होतं, म्हणाला. बस रस्त्यात पंक्चर झाली आणि उशीर झाला, म्हणून तो मधेच उतरून इथे उभा राहिला होता.

"मुबारक भेटला का?" मी विचारलं.

"दिसला."

"मग थांबवला नाहीस?"

"मी बसमध्ये होतो," मिस्त्री म्हणाला.

त्याने मागच्या चाकाच्या ब्रेकच्या ड्रमवर थुंकून बघितलं. थुंकी चर्र झाली आणि नाहीशी झाली. हात लावता येईल एवढा गार होईपर्यंत हलायचं नाही, तो म्हणाला. मी कठड्यावर बसलो. तो बसला नाही. गाडीला फेरी मारायचा, ड्रमवर थुंकायचा, आणि दर फेरीला त्या एका कोपऱ्यापाशी जाऊन खालच्या रस्त्याकडे बघायचा. तिथून फक्त झाडं दिसत होती. मी विडी पुढे केली. त्याने घेतली, आणि पेटवायची विसरून कानावर ठेवली.

मी म्हणालो, पिशवीत झडपा असतील तर इथेच बसव की. तो म्हणाला, उतारावर, वळणावर, तापल्या पाइपाखाली मी शिरणार नाही, आणि तुलाही शिरू देणार नाही. खाली गेल्यावर. ते बरोबरच होतं. मग मी म्हणालो की तू एखादी गाडी थांबवून पुढे जा, मी येतो सावकाश.

त्याने खालच्या वळणाकडे बघितलं, मग ड्रमकडे, मग माझ्या पायांकडे. मी कठड्यावर बसूनही उजवा पाय जमिनीत रोवून होतो, ब्रेक दाबल्यासारखा.

"पहिली खेप मिस्त्रीची," तो म्हणाला. "उतरणीची ही पहिलीच."

पहिला

"पहिला टाक. सपाटी येईपर्यंत दुसऱ्याचं नाव काढायचं नाही."

इंजिन ओरडत होतं, गाडी रांगत होती. शेजारून एखादी म्हातारी चालत गेली असती. ब्रेक दाबून ठेवायचा नाही, थोडा दाबायचा आणि सोडायचा, तो सांगत होता. दाब. सोड. सोड म्हणतो ना. त्याचा आवाज अगदी सपाट होता. मुलाला पाढे सांगावेत तसा. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. या खेपेला तो काट्यांकडे बघत नव्हता. बाहेर बघत होता. प्रत्येक वळण आलं की तो सीटवरून जरा उठायचा, कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने तपासायचा, आणि पुन्हा बसायचा. मला वाटलं, घाबरलाय. भरल्या गाडीतून कधी उतरला नव्हता ना. त्याची भीती घालवायची म्हणून मी बोलायला लागलो.

काय बोललो ते सगळं आठवतं.

मी म्हणालो, मुबारक एव्हाना तुझ्या घरी मच्छी हाणत असेल. म्हणालो, आज रात्री तो सगळ्या करंजवाडीला सांगेल की भिवा घाटातून पायी आला. म्हणालो, हॉर्न ऐकलास ना त्याचा, म्हशींना कशी सलामी देत होता.

"ऐकला."

"पोचला असेल तो."

"समोर बघ, भिवा."

मी समोर बघितलं. दाब. सोड. थोड्या वेळाने तो आपणहूनच बोलला, खिडकीकडे तोंड करून. "आपण पाय दिला की टर्बो जागा. पाय काढला की मेला. वर जायला केलेलं इंजिन आहे ते, धरायला नाही. इतकी वर्षं मी हवा भरतोय, आणि हे मला..."



खालून एक जीप आली. ड्रायव्हरने दिवे मारले, हात बाहेर काढला आणि काहीतरी ओरडायला लागला. खाली, एवढंच मला कळलं. त्याच क्षणी मिस्त्री माझ्या अंगावरून खिडकीकडे वाकला आणि त्याच्यावर खेकसला की जा, जा पुढे, गाडीला ब्रेक नाही. जीप गेली.

"काय म्हणत होता?"

"रस्ता खराब आहे म्हणतो."

ड्रमचा वास पुन्हा यायला लागला होता. त्याने मला आणखी एकदा थांबवलं, दगड लावला, ड्रमवर थुंकला, वाट बघितली. आता मी घाई करत होतो आणि तो नाही. ऊन डोंगराच्या मागे गेलं होतं, खालच्या झाडांत सावली साचली होती. चल म्हणाला तेव्हा त्याने दार लावलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "आता काहीही दिसलं तरी ब्रेकवर जायचं नाही. मी सांगेन तेव्हाच. कळलं?"

"काय दिसणार आहे?"

"कळलं का?"

मी हो म्हणालो.

पायथ्याच्या अलीकडचं मोठं वळण. तिथे पाच-सहा माणसं उभी होती, एक स्कूटर आडवी लावलेली. कठड्याचे चुना लावलेले दगड रस्त्याभर विखुरले होते, आणि जिथे कठडा असायला हवा तिथे नुसतं आभाळ. रस्ता पांढरा झाला होता. मला वाटलं चुना. टायरखाली ते करकरलं.

साखर होती ती.

माझा पाय उठला. मी नव्हता उचलला, तोच उठला, ब्रेककडे. मिस्त्रीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खाली दाबला. जोरात नाही.

"थांबू नको."

"मिस्त्री."

"उतार आहे. थांबू नको. चल."

माणसं बाजूला झाली. कुणीतरी मिस्त्रीला ओळखलं आणि टोपी काढली. गाडी त्या मोडक्या जागेशेजारून गेली, त्याच रांगत्या चालीने, आणि ती जागा खिडकीतून सरकायला इतका वेळ लागला. खाली झाडीत हिरव्या रंगाची फळी दिसत होती. अक्षरं उलटी होती. मिस्त्रीने ती बघितली. मी त्याला बघताना बघितलं. त्याचा हात माझ्या गुडघ्यावरच होता.

"दाब," तो म्हणाला. "सोड."

हँडब्रेक

सपाटी आली. वडापाशी त्याने गाडी थांबवायला सांगितली. थांबली. तो उतरला, दगड शोधला, चाकाला लावला, पायाने ठोकून बघितला. ड्रमजवळ हात नेला, आणि मला म्हणाला की हँडब्रेक ओढू नको, तापल्या ड्रमला तडा जातो, आधी गार होऊ दे. गाडी सोडून कुठे जाऊ नको.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"बसमधून बघितला त्याला. स्टिअरिंग धरून उभा होता. हॉर्नवर हात. तुला सांगितलं असतं तर तुझा हात हलला असता."

मग तो वळला.

मुबारकला अंधार पडायच्या आत वर काढला, पण तो गाडी पडली तेव्हाच गेला होता. जहाज आमच्या साखरेविनाच सुटलं. हे नंतरचं. त्या वेळी मी केबिनमध्येच बसून होतो, कारण बसायला सांगितलं होतं. पिशवी सीटवर राहिली होती. मी ती उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन झडपा. काजळी घासून काढलेली, दांड्यांना तेल दिलेलं, दोघींचे बोल्ट वेगवेगळ्या सुतळीने बांधून ठेवलेले. एक त्याने पुढच्या आठवड्यात माझ्या गाडीला बसवली. दुसरी त्याने परत मागितली नाही. माझ्या सीटखाली आहे.

पण ते नंतर. पिशवी मांडीवर घेऊन मी आरशात बघत होतो. रस्ता घाटाकडे चढत होता आणि मिस्त्री त्या रस्त्याने वर चालला होता, एकटा, हात मोकळे, कानावर ती न पेटवलेली विडी.

आम्ही उतरलो होतो त्याच चालीने. तो पळत नव्हता.